४५ डिग्रीत स्कूटरला कोणतं ऑइल? आणि घरी बदललं तर चालेल का?

मेहरूणकर | १२ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गाडी ॲक्टिव्हा ११०, बीएस-६, २०२१ ची. रोज जळगाव ते नशिराबाद पतपेढीत जाणं-येणं, हायवेने, आणि या दिवसांत दुपारचं ऊन कसं असतं ते इथे कोणाला सांगायला नको. फ्री सर्व्हिसिंग संपल्यापासून कोपऱ्यावरच्या गॅरेजलाच देते. परवा ऑइल बदलायला गेले तर तो म्हणे ताई, हे १०डब्ल्यू-३० आपल्याकडे चालत नाही, उन्हात पाण्यासारखं पातळ होतं, २०डब्ल्यू-५० टाकून देतो, इंजिन गार राहील. पुस्तकात मात्र १०डब्ल्यू-३० एमबी असं स्वच्छ छापलंय. मी म्हटलं थांबा, विचारून येते, आणि गाडी तशीच घेऊन आले.

दुसरी गोष्ट, पप्पांकडे त्यांच्या चेतकच्या काळातला पान्यांचा डबा आहे अजून. ते म्हणतात गॅरेज कशाला, अंगणात आपणच बदलू. आई म्हणते अंगणातल्या फरशीवर एक थेंब जरी पडला तर दोघांचं जेवण बंद. तर खरं ऑइल कोणतं, किती, आणि घरी करण्यासारखं काम आहे का, कोणी नीट सांगा ना.

भुसावळकर | १२ मे, रात्री ९:२२

४५ ला काय घाबरता ताई, भुसावळला या, स्वेटर घालून यावं लागेल तुम्हाला परत जाताना. बाकी ऑइलचं जाणकार सांगतील, मी वाचायला बसलोय, माझीपण बदलायची आहे.

धुळ्याचा_दादा | १२ मे, रात्री ९:३१

कसाले हात काया करतस ताई. गॅरेजवाला ऑइल बदलायचे घेऊन घेऊन किती घेतो, पन्नास-शंभर. उभं राहून करून घ्यायचं, डोळ्यासमोर. बस.

पारोळ्याचा_पाना | १२ मे, रात्री १०:०५

ताई, पुस्तकात १०डब्ल्यू-३० एमबी लिहिलंय ना, मग तेच. मी स्वतः गॅरेजवाला आहे त्यामुळे आमच्या लोकांविरुद्ध बोलतो असं समजू नका, पण २०डब्ल्यू-५० चा मोठा डबा आणून ठेवला की बुलेटपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना त्यातूनच ओतायचं ही सोय असते, ऊन वगैरे नंतर सुचतं.

आता एमबी काय ते सांगतो, कारण यात लोक फार गोंधळ घालतात. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्या ऑइलमधेच बुडालेला असतो. ऑइल फार निसरडं झालं की त्याच्या प्लेटा घसरतात, रेस वाढते आणि गाडी जागेवरच. म्हणून मोटरसायकलला एमए नाहीतर एमए-२ लागतं. स्कूटरचा क्लच डाव्या बाजूला बेल्टच्या डब्यात कोरडा फिरतो, ऑइलशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून स्कूटरला घर्षण कमी करणारं एमबी चालतं, ॲव्हरेजला पण थोडं बरं पडतं. एखाद्या वेळी एमए टाकलं तर स्कूटर मरत नाही. पण उलटं करू नका म्हणजे झालं, स्कूटरची उरलेली बाटली भावाच्या स्प्लेंडरमधे ओतू नका, मग क्लच घसरतो म्हणून आमच्याकडेच यावं लागतं.

घरी करण्यासारखं आहे का? आहे. उद्या सविस्तर लिहितो, आत्ता जेवायचंय, घरात शेवभाजी आहे आणि ती गार झालेली मला चालत नाही.

शिरपूर_हायवे | १२ मे, रात्री १०:४०

पण पाना भाऊ, आमच्या घरच्या जुन्या स्कूटरला आम्ही कायम २०डब्ल्यू-४० टाकत आलो आणि तिच्या पुस्तकातही तेच होतं. गाडी अजून चालते, शेतात डबे पोचवते. मग जाड ऑइल वाईट कसं? आणि ऑइल उन्हात पातळ होतं हे तर खरंच आहे ना, तेलाची बाटली उन्हात ठेवून बघा.

तापीकाठ | १३ मे, सकाळी ६:५०

शिरपूर, तुमच्या गाडीच्या पुस्तकात २०डब्ल्यू-४० होतं म्हणून ते बरोबर. मेहरूणकरांच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० आहे म्हणून ते बरोबर. इतकं सरळ आहे. पण उन्हाचा मुद्दा निघालाच आहे तर थोडं लांबड लावतो, सकाळचा चहा होईपर्यंत वेळ आहे.

१०डब्ल्यू मधला १० म्हणजे दहा डिग्री नाही आणि ३० म्हणजे तीस डिग्री पण नाही. मला एका शिकलेल्या माणसाने सांगितलं होतं की ३० चं ऑइल तीस डिग्रीपर्यंतच चालतं, म्हणजे एप्रिलनंतर आपल्याकडे कोणी गाडीच काढायची नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. १०डब्ल्यू ची गार इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २५ अंशाला करतात, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. आपल्याकडे तापी कधी गोठत नाही, तेव्हा पहिल्या आकड्यावरून भांडण्यात फार अर्थ नाही, एवढंच की सकाळच्या पहिल्या सेल्फला १०डब्ल्यू वाला जरा लवकर वर चढतो.

दुसरा आकडा महत्त्वाचा. तो १०० अंश सेल्सिअसला मोजतात. ३० म्हणजे त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे ऑइलच्या दाटपणाचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. बघा, ३० आणि ५० मधे जवळपास पावणेदोन पटीचा फरक आहे आणि तो गरम ऑइलमधला फरक आहे. चालू इंजिनमधलं ऑइल तसंही शंभरच्या आसपास असतं, कधी वर. म्हणजे पातळ होणं हे त्या आकड्यात आधीच धरलेलं आहे. हवेने गार होणारं इंजिन असल्यामुळे बाहेर दहा अंश वाढले तर आतही थोडे वाढतात, हे मान्य, पण हीच गाडी राजस्थानातही विकतात, कंपनीने ते पाहिलेलं असतं.

आणि जाड ऑइलने इंजिन गार राहतं हे तर साफ उलटं आहे. जाड ऑइल ढवळायला, पंपाने वर चढवायला जोर जास्त लागतो आणि तो जोर उष्णता होऊनच बाहेर पडतो. ११० सीसीच्या इंजिनात तेवढा फरक पिकअपला आणि ॲव्हरेजला कळतो.

केळीवाला_सावदा | १३ मे, सकाळी ८:१५

गार ठेवायचंच असेल तर पंख्याकडे बघा, ऑइलच्या मागे काय लागलात. स्कूटरचं इंजिन प्लास्टिकच्या आत दडलेलं असतं, मोटरसायकलसारखी समोरून हवा लागत नाही. म्हणून उजव्या बाजूला पंखा दिलेला असतो, त्याच्यावर जाळीचं झाकण. आमच्याकडे केळीच्या बागांच्या रस्त्याने काळ्या मातीचा फुफाटा त्या जाळीत बसतो, जिनिंगच्या रस्त्याने गेलं तर कापसाचा रुवा बसतो, वरून पाऊस पडला की त्याचं लिंपण होतं. मग हवा जाणार कुठून? मी ब्रशने साफ करतो गाडी धुतो तेव्हा. पाण्याची जोरदार धार त्यात मारू नका, चिखल आत ढकलला जातो.

मेहरूणकर | १३ मे, सकाळी ८:४०

बाप रे, ती जाळी आत्ता जाऊन पाहिली. राखाडी गोधडीच आहे तिथे. धन्यवाद केळीवाले दादा. तापीकाठ सर, चहा झाला का? पप्पांना तुमचं वाचून दाखवलं, ते म्हणाले माणूस पॉलिटेक्निकचा दिसतो.

आप्पा_अमळनेर | १३ मे, दुपारी २:३०

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, चेतकवाले म्हणजे आपल्या जातकुळीचे. १९७२ ला आली ती गाडी, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक. तिला इंजिन ऑइल बदलणं हा प्रकारच नव्हता. टू-स्ट्रोक, पेट्रोलमधेच टू-टी मिसळायचं, पंपावर पोऱ्या मापाने टाकी भरायच्या आधी ऑइल टाकायचा. तो विसरला की इंजिन जाम. जास्त टाकलं की मागे धुराचा लोट आणि प्लग काळा, मग गाडी तिरकी करायची, प्लग काढायचा, फुंकायचा, पुसायचा. गिअरबॉक्सचं ऑइल तेवढं वेगळं असायचं आणि ते बदलायचं लक्षात कोणाला राहायचं.

२०२० ला चेतक परत आली पण बॅटरीवर. आमच्या नातवाने घेतली. मी विचारलं ऑइल कुठे टाकायचं रे, तर पोरगं हसतंय. म्हणजे आधी पेट्रोलमधे ऑइल, मग तुमच्या गाड्यांना पोटात ऑइल, आणि आता इंजिनच नाही तर ऑइल कुठलं.

शहादेकर | १३ मे, दुपारी ३:०५

आप्पा, आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेला दत्तजयंतीला या, तिथे खरेखुरे चेतक मिळतात, चारा टाकायचा, ऑइलचं टेन्शन नाही. पण भाव विचारून बघा एकदा, मग २०डब्ल्यू-५० पण स्वस्त वाटेल.

पारोळ्याचा_पाना | १३ मे, रात्री ९:५०

हं, आता घरी कसं करायचं ते. लांब होईल, सांभाळून घ्या.

सामान आधी. ऑइलची ८०० मिलीची स्कूटरची बाटली मिळते, ती एक. ड्रेन बोल्टचं नवीन वॉशर, स्पेअरपार्टच्या दुकानात गाडीचं नाव सांगून मागा, काही रुपयाला मिळतं. नरसाळं, जुनी परात नाहीतर पसरट टब, फडकी, आणि आईसाहेबांच्या फरशीसाठी जुने पेपर नकोत, खताची गोणी अंथरा, पेपरातून ऑइल खाली उतरतं. पाना रिंगचा किंवा सॉकेटचा घ्या, तोंडाचा नको, तोंडाच्या पान्याने बोल्टचे कोपरे गोल होतात. कोणत्या नंबरचा ते पप्पांच्या डब्यातला बसवून बघा, ज्याच्यात हालचाल नाही तो.

गाडी आधी चार-पाच मिनिटं चालू ठेवा नाहीतर एक चक्कर मारून या, ऑइल कोमट झालं की घाण घेऊन खाली येतं. भट्टीसारखं तापवू नका, सायलेन्सर हाताजवळच असतो. बंद करा, डबल स्टँडला लावा, सपाट जागा. वर डिपस्टिकचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीचं, झाकण आधी काढा, म्हणजे हवा जाईल आणि ऑइल गडगड करत पडणार नाही, शिवाय ते झाकण निघतंय याची खात्री होते, नाहीतर ऑइल काढून बसलात आणि भरायचं झाकणच उघडेना असं व्हायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खाली दोन ठिकाणी बोल्ट दिसतात आणि लोक इथेच फसतात. एक इंजिनच्या पोटाखाली, तो आपला. दुसरा मागे, मागच्या चाकाच्या जवळच्या डब्याला, तो गिअर ऑइलचा. तिथे साधारण शंभर-सव्वाशे मिली ऑइल असतं. घाईत लोक तो मागचा उघडतात, थोडंसं ऑइल पडतं, वाटतं एवढंच होतं गाडीत, आणि वरून इंजिनात पूर्ण बाटली ओतून मोकळे. मग इंजिनात दुप्पट ऑइल आणि गिअरबॉक्स कोरडा. इंजिनात जास्त झालेलं ऑइल फेसाळतं, श्वासनळीतून एअर फिल्टरमधे जातं, पांढरा-निळा धूर निघतो, आणि कोरडा गिअरबॉक्स थोड्याच दिवसात रडायला लागतो. म्हणून पाना लावायच्या आधी पुस्तकातलं चित्र बघायचं आणि बोल्टला बोट लावून पप्पांना विचारायचं, हाच ना?

बोल्ट सुटला की शेवटचे आटे हाताने सोडा, परात सरकवून ठेवा, कारण पहिली धार सरळ पडत नाही, पुढे उडते. काही गाड्यांना जाळीचं वेगळं मोठं झाकण असतं, ते उघडलं की स्प्रिंग आणि जाळी बाहेर येते, स्प्रिंग परातीत पडली तर काळ्या ऑइलमधे बोटाने चाचपत बसावं लागतं, तेव्हा झाकण दाबून धरत सोडा. जाळी पेट्रोलमधे धुवा. काळा गाळ असेल तर ठीक, चमकणारे धातूचे कण दिसले तर मला फोटो पाठवा.

ऑइल पूर्ण ठिबकून जाऊ द्या, गाडी जरा डावी-उजवी हलवा. जुनं वॉशर बोल्टला चिकटून राहतं, ते काढायचं, नवं घालायचं. बोल्ट आधी हाताने फिरवा जेवढा जातो तेवढा, सुरुवातीलाच अडखळला तर तिरका बसलाय, परत काढा. मग पान्याने बसला की थोडा आवळा. थोडा. केस ॲल्युमिनियमची आहे, जोर दाखवायची जागा नाही.

भरताना आधी साडेसहाशे मिलीच्या आसपास ओता, सगळी बाटली नाही. नेमकं माप पुस्तकात दिलेलं असतं. झाकण लावा, गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून आत सोडा. तुमच्या गाडीला ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. वरची रेघ आणि खालची रेघ, ऑइल वरच्या रेघेला टेकलं की थांबा. कमी असेल तर चमचा-चमचा.

धुळ्याचा_दादा | १३ मे, रात्री १०:२०

आवळायचं बरोबर बोलले पाना भाऊ. आमच्या गल्लीत एकाच्या गाडीचा ड्रेन बोल्ट एका पोराने पान्याला पाइप अडकवून आवळला होता. पुढच्या वेळी उघडताना बोल्टाबरोबर ॲल्युमिनियमची कुरकुरीत चकती बाहेर आली, आटेच सगळे. लेथवाल्याकडे नेऊन नवीन आट्यांची स्प्रिंग बसवून घ्यावी लागली, ऑइलच्या दसपट खर्च.

भुसावळकर | १४ मे, सकाळी ७:३०

मी काल डिपस्टिक काढून पाहिली, ऑइल पार काळं. अजून हजार किमीसुद्धा झाले नाहीत बदलून. नकली दिलं का मला?

तापीकाठ | १४ मे, सकाळी ७:४५

काळं होणं म्हणजे खराब होणं नाही. ऑइलमधे साबणासारखं काम करणारी द्रव्यं घातलेली असतात, ती इंजिनातली काजळी उचलून आपल्यात धरून ठेवतात, म्हणून ते काळं पडतं. मुद्दाम सोनेरी राहणारं ऑइल असेल तर मला उलट शंका येईल. काळजी दोन गोष्टींची करा. एक, रंग दुधाच्या चहासारखा झाला तर पाणी गेलंय. दुसरं, वास पेट्रोलचा आला आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली तर पेट्रोल उतरतंय. या दोन्हीत गाडी चालवत राहू नका.

नंदुरबारची_आक्का | १४ मे, सकाळी ९:१०

दुधाच्या चहासारखं आमच्या गाडीत झालं होतं पावसाळ्यात. गाडी पुलावरच्या पाण्यातून काढली होती मालकांनी, अर्धं चाक बुडेपर्यंत. मेकॅनिकने एकदा बदललं, गाडी थोडी चालवायला लावली, परत बदललं, कारण पहिल्या वेळी सगळं पाणी निघत नाही म्हणे. आणि नकलीचं म्हणाल तर रिकाम्या बाटल्या भंगारवाला चांगल्या भावाने का घेतो याचा विचार करा. आम्ही आता झाकण फेकतो आणि बाटलीला सुरीने चीर देऊनच टाकतो. विकत घेताना झाकणाची रिंग तुटलेली नाही ना, आतली पन्नी शाबूत आहे ना एवढं तरी बघावं.

शिरपूर_हायवे | १४ मे, सकाळी १०:००

किती किमीला बदलायचं ते कोणीच सांगितलं नाही. गॅरेजवाले दोन-तीन हजार सांगतात.

पारोळ्याचा_पाना | १४ मे, दुपारी १:१५

पहिली सर्व्हिसिंग कंपनी सांगते तेव्हाच, ॲक्टिव्हाला ७५० ते १००० किमी, नव्या इंजिनाची झीज त्यात उतरलेली असते. नंतर आता बऱ्याच नव्या स्कूटरच्या पुस्तकात पाच-सहा हजाराच्या आसपासचे आकडे असतात. आम्ही तीन हजार सांगतो ते सगळं पैशासाठी नाही हो. पुस्तकातच धुळीच्या, खडतर वापराला लवकर बदला अशी सूचना असते, आणि आपल्याकडचा फुफाटा बघता मी माझ्या गिऱ्हाइकांना चार हजार सांगतो. गाडी कमी चालत असेल तरी वर्षातून एकदा बदलाच. रोज घर ते भाजीबाजार एवढीच चालणारी गाडी इंजिन नीट तापूच देत नाही, आतला दमटपणा उडून जात नाही.

पण बदलण्यापेक्षा बघणं महत्त्वाचं हे लिहून ठेवा. स्कूटरच्या पोटात पाऊण लिटरसुद्धा ऑइल नसतं. त्यातलं दोन-अडीचशे मिली कमी झालं तर उरलं किती? आणि मीटरवर ऑइलचा दिवा नसतो. तो पिवळा इंजिनचा दिवा इंजेक्शनच्या सिस्टिमचा आहे, ऑइल संपलं तरी तो लागणार नाही. माझ्याकडे जाम झालेली इंजिनं येतात ती चुकीच्या ग्रेडने नाही येत, कोरडी होऊन येतात. पंधरा दिवसांनी एकदा डिपस्टिक काढा, पुसा, बघा.

केळीवाला_सावदा | १४ मे, दुपारी १:४०

जुनं ऑइल फेकू नका कोणी, बागेच्या कुंपणाच्या लाकडी खांबांना बुडातून लावलं की वाळवी लागत नाही. आम्ही गॅरेजवरून कॅन भरून आणतो.

तापीकाठ | १४ मे, दुपारी ४:३०

भाऊ तुमचा पंख्याचा मुद्दा लाख मोलाचा होता पण याला विरोध. लाकडाला लावलेलं ऑइल पावसाने जमिनीत जातं, तिथून विहिरीत. त्या काळ्या ऑइलमधे झिजलेल्या धातूंचे अंश आणि जळालेली रसायनं असतात, हाताला सारखं लागणं पण वाईट, म्हणून हातमोजे घाला नाहीतर लगेच साबणाने धुवा. सरकारी नियमात वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यातच येतं, २०१६ च्या नियमांत तसं आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या-आणणाऱ्यांवर ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घ्यायची जबाबदारी टाकलीय. आपण एवढंच करायचं की बाटलीत भरून गॅरेजच्या ड्रममधे नेऊन ओतायचं, तिथून ते विकलं जातं.

केळीवाला_सावदा | १४ मे, संध्याकाळी ६:००

आजोबांपासून लावतोय, विहिरीचं पाणी आम्हीच पितो. पण ठीक आहे, विहिरीजवळच्या खांबांना नाही लावणार. बाकीच्यांचं बघू.

मेहरूणकर | १७ मे, सकाळी ११:२०

झालं! आज रविवार म्हणून सकाळी सात वाजताच बसलो दोघं, ऊन चढायच्या आत. गोणी अंथरली, त्यावर पत्र्याची परात. पाना भाऊंनी सांगितलं तसं बोल्टला बोट लावून पप्पांना विचारलं हाच ना, तर पप्पांनी आधी मागचाच दाखवला होता, मग पुस्तक उघडलं. बोल्ट काढायला पप्पांच्या डब्यातला रिंग पाना बरोबर बसला. पहिली धार खरंच परातीच्या बाहेर उडाली, गोणीवर पडली, आईला सांगितलेलं नाही. वॉशर बोल्टला असं चिकटलं होतं की आम्हाला वाटलं वॉशर नाहीच, नखाने खरवडलं तेव्हा कड दिसली.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. जुनं ऑइल रिकाम्या बाटलीत भरलं, बाटलीच्या बाजूला मापाच्या रेघा असतात, तर ते चारशेची रेघ पण गाठत नाहीये. परातीला राहिलेलं, गोणीवर सांडलेलं धरलं तरी पाचशे होत नाही. नवीन साडेसहाशे टाकलं तेव्हा डिपस्टिकवर वरच्या रेघेच्या जरा खाली आलं, थोडं अजून टाकलं, बरोबर टेकलं. मग आधीचं गेलं कुठे? गळती कुठे दिसत नाही, पार्किंगच्या जागेवर डाग नाही.

पारोळ्याचा_पाना | १७ मे, दुपारी १२:०५

हेच सांगत होतो. दोनच गोष्टी असू शकतात, मागच्या वेळी भरतानाच कमी भरलं, नाहीतर गाडी ऑइल खाते. कोणती ते आता मोजूनच कळेल. आज किमी लिहून ठेवा, पातळीचा फोटो काढा. पाचशे किमीला त्याच जागी, त्याच पद्धतीने बघा. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारताना मागे कोणाला तरी उभं करा, निळसर धूर आला तर वॉल्व्ह सील गेलं, चालवताना रेस देताना आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, त्यात ऑइल साचलंय का. प्लग काढता आला तर त्याचं टोक ऑइलने ओलं आहे का ते पण.

शहादेकर | १७ मे, दुपारी १२:३०

म्हणजे २०डब्ल्यू-५० की १०डब्ल्यू-३० यावर आपण इथे भांडलो आणि गाडीत धड कोणतंच नव्हतं.

भुसावळकर | १७ मे, दुपारी १२:४१

मी आत्ता जाऊन माझी बघून आलो. खालच्या रेघेला आहे. दुकान उघडं असेल का रविवारी?

मेहरूणकर | १४ जून, रात्री ८:१५

अपडेट द्यायचं होतं. पाचशे किमीच्या थोडं वर झालेत. पातळी वरच्या रेघेच्या किंचित खाली, फोटोशी ताडून पाहिलं, फरक दिसतो न दिसतो एवढाच. पप्पा सकाळी मागे उभे राहिले, धूर नाही. एअर फिल्टर कोरडा, नुसती धूळ, तो बदलला.

पारोळ्याचा_पाना | १४ जून, रात्री ९:००

मग इंजिन ठणठणीत आहे, गाडी ऑइल खात नाही. मागच्या वेळी ओतणाऱ्याने हात आखडला होता. तरी हजार किमीला अजून एकदा बघा. आणि बाटलीत शंभर-सव्वाशे उरलं असेल ते फेकू नका, झाकण घट्ट लावून ठेवा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात गिअर ऑइलला पण तेच ग्रेड दिलंय का पाहा, असेल तर ते मागच्या बोल्टच्या कामाला येईल. या वेळी पप्पांनी दाखवलेला बोल्ट बरोबर असेल.

आप्पा_अमळनेर | १४ जून, रात्री ९:२०

पोरी, वडिलांचा पान्यांचा डबा कोणत्या सालचा आहे ते विचार, आणि विकायचा असेल तर आधी मला कळव.

मेहरूणकर | १४ जून, रात्री ९:२६

आप्पा, डब्याला हात लावू देत नाहीत ते आता. गल्लीतल्या तीन गाड्यांची डिपस्टिक तपासून आलेत संध्याकाळी.